मंगळवारची तारीख

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारी पहाटे बाबांना दम लागला. साडेपाचला त्यांना गाडीत घालून मोहर्लीहून चंद्रपूरला निघालो आणि गावाबाहेर पडायलाच अर्धा तास गेला. समोरून ताडोबाच्या गेटकडे येणाऱ्या जिप्सींची रांग, तिच्यामागे पर्यटकांच्या गाड्या, दोन्ही कडांना वेडीवाकडी लावलेली वाहनं. बाबा मागच्या सीटवर खिडकीची काच धरून बसलेले. शेवटी गावातलाच एक गाईड पोरगा धावत आला. "काका, बसून राहा जी, मी हटवतो गाड्या," म्हणाला आणि एकेका ड्रायव्हरला हात जोडत त्यानं वाट करून दिली.

त्या अर्ध्या तासात मला सारखा चंद्रपूरचा जटपुरा गेट आठवत होता.

चांद्याचं चंद्रपूर 1964 मध्ये झालं, 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, 2011 मध्ये महानगरपालिका आली. या तारखांनी आमच्या घरात काही हललं नाही. हललं ते 1998 ते 2008 या दहा वर्षांत. तेव्हा मी नोकरीसाठी चंद्रपुरात, तुकूममध्ये दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते.

रोज सायकलनं जटपुरा गेटातून जायचं. गोंडराजांच्या परकोटाचा हा दरवाजा, वर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला. हत्ती-घोड्यांसाठी बांधलेल्या त्या कमानीतून ट्रक, बस, ऑटो, हातगाड्या सगळं जायचं. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसं यायची, तेव्हा तर तासभर पाय टेकून उभं राहावं लागे. मला यात्रेकरूंचा कधी राग आला नाही. राग यायचा तो दर निवडणुकीत वाहतुकीवर बोलणाऱ्यांचा आणि निकालानंतर गप्प होणाऱ्यांचा.

संध्याकाळी पाचला गल्लीतल्या प्रत्येक दारापुढं कोळशाची सिगडी पेटायची. धूर ओसरला की बाया ती आत उचलून नेत. तोवर डोळे चोळत पोरं अभ्यासाला बसत. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे कण बसत. ते झटकायचे नसतात, फुंकायचे असतात, हे शेजारच्या काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. झटकले की रेघ उमटते. माठावरचं झाकण दिवसातून तीनदा पुसायचं आणि तिन्ही वेळा फडकं काळं व्हायचं.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर 2340 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र होतं आणि पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. कूलर बंद, पंखा बंद. सगळी गल्ली गाद्या घेऊन गच्चीवर. अंधारात चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे लखलखत. धूर आमचा, राख आमची आणि वीज मात्र लांबच्या शहरांची, हे तेव्हा बोललं की "मग रोजगार कुठून येणार?" असं विचारून गप्प करायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2009 ची यादी आली. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथं, 83.88 गुण. तोवर मी शहर सोडलं होतं. ती यादी हातात घेतली तेव्हा मला काकूंचा खोकला ऐकू आला. तो खोकला 'हवामान बदलल्यानं' आहे, असं त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. मी ते अजून माफ केलेलं नाही.

तरीही त्या गच्चीची आठवण जात नाही. कुणाच्या घरी आंबील, कुणाकडे कैरीचं पन्हं, एका तांब्यातून पाच घरं पाणी प्यायची. नळ एक दिवसाआड यायचा म्हणून ज्याच्याकडे पाणी उरे तो आवाज द्यायचा. आज त्याच गल्लीत गाडी लावण्यावरून भांडणं होतात.

2008 मध्ये मोहर्लीला परतले तेव्हा इथं रात्री इरईच्या पाण्यावरून येणारा वारा आणि सांबराचं ओरडणं, एवढंच ऐकू यायचं. त्याच इरई धरणाचं पाणी वीज केंद्राला आणि शहराला जातं. पुढं 2010 मध्ये ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचं बफर क्षेत्र आलं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबलं, तेव्हा गावातल्या पोरांच्या हातचं काम गेलं. ते परत आलं याचा मला आनंद आहे. गाईडच्या पैशावर इथल्या मुली कॉलेजात शिकल्या. पण रिसॉर्ट उठत गेली तसा रस्ता मात्र तेवढाच राहिला. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया आता आधी वाघाला भितात, मग हेडलाइटला. ताडोबा तलावाकाठी तारू देवाच्या ठाण्यावर पौषात जत्रा भरायची, आजी बैलबंडीनं जायची. तिच्या पणतवंडांना तो तलाव बघायचा तर परवानगी लागते आणि मुंबईचा माणूस चार महिने आधी घरबसल्या बुकिंग करून मोकळा होतो.

बाबा बरे आहेत. दर महिन्याला तपासणीला न्यावं लागतं. दवाखान्यात तारीख देणाऱ्या बाईंना मी पहिल्याच वेळी सांगितलं, मंगळवारचीच द्या. मंगळवारी ताडोबा बंद असतं. परवा निघालो तेव्हा रस्त्यावर एकही गाडी नव्हती. बाबांनी काच खाली केली, डोकं टेकलं आणि पद्मापूर येईपर्यंत शांत झोपले.