सायकलमागची गाडी : भार कुठे, खीळ कशी?

बैलगाडी उलाळ होऊ नये आणि धुरजडही होऊ नये, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. सायकलमागे जोडायच्या दोनचाकी गाडीचेही तेच आहे. बाजाराला माळवे न्यायचे असो, की पोराला चार-सहा दिवसांच्या सायकल-सफरीत शिधा आणि अंथरूण-पांघरूण न्यायचे असो, भार नीट बसवला तरच वाट सुखाची होते.

जड वस्तू तळाशी, आसाच्या किंचित पुढे ठेवा. मग दांडी हाताने उचलून पाहा. गाडीसह वजन 40 किलो असेल, तर हाताला 2 ते 4 किलो लागले पाहिजे. दांडी आपसूक वर उचलली, तर गाडी उलाळ झाली. अशी गाडी उतारावर डुलू लागते. डावी-उजवी बाजूही सारखी भरा, नाहीतर वळणावर कलंडेल. दोरीचे मोकळे टोक चाकाकडे लोंबू देऊ नका. सामानावर पोराला कधीही बसवू नका.

एकदा घाईत मी जोडाच्या खिळीला चावी लावायची विसरलो. उतारावर चाक खड्ड्यात आदळले, खीळ निसटली आणि गाडी थेट चारीत गेली. समोरून कुणी येत नव्हते, म्हणून टमाट्यांवरच निभावले. तेव्हापासून खिळीखेरीज एक मजबूत पट्टा सायकलच्या चौकटीला बांधल्याशिवाय मी निघत नाही.

उतारावर बैल गाडी थोपवून धरतात. सायकलजवळ फक्त ब्रेकचे रबर असतात. म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करा. वळणावर एकदम ब्रेक दाबू नका.

आठवड्यातून एकदा चाक उचलून फिरवा. खरखर आली तर आस खोला, छर्रे पुसा, नवे ग्रीस भरा. ढिले स्पोक आवळून घ्या. दांडीच्या जोडावर, वेल्डिंगपाशी, तडा दिसला तर गाडी जोडूच नका. टायरच्या बाजूवर लिहिली असेल तेवढीच हवा भरा. गाडीचे चाक सायकलच्या चाकाहून लहान असेल, तर त्या मापाची ट्यूब वेगळी जवळ ठेवा. सामानाआड सायकलचा मागचा दिवा झाकतो. म्हणून गाडीच्या पाठीला लाल दिवा आणि चकाकती पट्टी हवीच.

निघताना खीळ, पट्टा, हवा, दोरी अशा चार ठिकाणी हात फिरवा. दोन मिनिटांचे काम, पण घरी वाट पाहणाऱ्यांचा घोर मिटतो.