टॉरंट : लोंढा आणि तहान

इंग्रजीच्या पुस्तकात ‘टॉरंट’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. ‘वेगाने धावणारा पाण्याचा लोंढा’ असा त्याचा अर्थ. नरपडच्या मुलांना तो समजायला कोश उघडण्याची गरज नाही. डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात जुलैतल्या मुसळधार सरीनंतर एखाद्या ओहोळाकडे पाहिले, की पुरे! गढूळ पाणी काटक्या, पालापाचोळा आणि माती घेऊन समुद्राकडे धाव घेते. तोच टॉरंट.

या शब्दाचे मूळ मात्र तुम्हाला चकित करील. लॅटिनमधील ‘तोर्रेरे’ या क्रियापदापासून तो आला आणि त्या क्रियापदाचा अर्थ ‘वाहणे’ असा नसून ‘भाजणे, सुकवणे’ असा आहे! ‘टोस्ट’ आणि उष्ण कटिबंधाचे ‘टॉरिड झोन’ हे नाव, हे शब्दही त्याच कुळातले. मग पाण्याला हे नाव का? उकळी आलेले पाणी जसे खदखदते, तसा लोंढा उसळतो, हे एक कारण. शिवाय इटलीत पावसाळी ओढ्यांना आजही ‘तोर्रेन्ते’ म्हणतात. पावसात ते फोफावतात आणि उन्हाळ्यात आटतात.

आणखी मागे गेलो, तर याच मुळातून इंग्रजी ‘थर्स्ट’, संस्कृत ‘तृष्णा’ आणि तिच्यापासून झालेली आपली ‘तहान’ हे शब्द निघालेले दिसतात. म्हणजे लोंढा आणि तहान ही एकाच घरची भावंडे!

आपल्या ओहोळांच्या बाबतीत हे नाते अगदी खरे आहे. पाऊस जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डोंगरउतार तीव्र असतो. खालचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे पाणी थोड्याच वेळात समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

धावते पाणी मातीही नेते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर सुमारे चौपट होतो आणि तो चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतो. म्हणूनच गुडघाभर लोंढ्यातही माणसाचे पाय सुटतात. त्यात कधीही उतरू नका.

उलट, वेग निम्मा केला तर पाण्याचे बळ तितकेच घटते. उतारावरची झाडे, शेताचे बांध आणि रिकाम्या पोत्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा हेच काम करतात. थांबलेले पाणी कातळाच्या भेगांतून मुरते आणि विहिरीला मिळते.

आज ‘टॉरंट’ शब्द इतरत्रही वापरतात. न थांबता बोलणाऱ्याच्या तोंडून शब्दांचा ‘टॉरंट’ वाहतो. आपणही माणसांचा लोंढा म्हणतोच. 2001 साली आलेल्या ‘बिटटॉरंट’ या पद्धतीत एका फाइलचे तुकडे अनेक संगणकांकडून एकाच वेळी येतात, जणू अनेक ओहोळ एका प्रवाहात मिळावेत तसे.

तुमच्या गावचा ओहोळ कोणत्या महिन्यात आटतो? दरवर्षी ती तारीख वहीत नोंदवून ठेवा. बंधारा घातल्यावर ती तारीख किती दिवसांनी पुढे गेली, तेही पाहा.