घटसर्प : एका रात्रीत दावण रिकामी करणारा रोग



मृग जवळ आला की आपण खत, बेणं, आडसाली लागणीची रानं यांच्या मागे लागतो. दावणीची आठवण मात्र जनावर आजारी पडल्यावरच होते. म्हणून या वेळी उसाचा विषय बाजूला ठेवून आम्ही जनावराबद्दल लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात ऊस नोंदीच्या कामानं आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. दिवस मावळला होता. दुसऱ्या वेताची दुभती म्हैस सकाळपासून वैरणीला तोंड लावत नव्हती, लाळ गळत होती. घशात काही अडकलं असेल म्हणून घरच्यांनी बांबूच्या नळ्यानं गोडंतेल पाजलं होतं. गळा सुजला तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून डागही दिला होता. “सकाळी डॉक्टरांना आणू,” असं घरचे म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. सकाळी डॉक्टर आले, पण म्हैस गेली होती. घरचा बाजारहाट तिच्या दुधावर चालायचा. त्या मान डोलावण्याची बोच आजही आहे.

रोग कशामुळे होतो?

घटसर्प हा पाश्चरेला नावाच्या जंतूमुळे होतो. माणसाच्या घटसर्पाचं नाव तेच असलं, तरी त्याचा जंतू निराळा. याच पाश्चरेला जातीचे दुसरे प्रकार डुकरांना फुफ्फुसदाह आणि कोंबड्यांना कॉलरा करतात.

काही धडधाकट जनावरांच्याही घशात हा जंतू गुपचूप राहतो. पहिल्या पावसात भिजणं, चिखलाचा गोठा, उपासमार, लांबचा प्रवास, अतिकाम यांनी जनावराची ताकद खचली, की तो उसळतो. मग लाळ, शेंबूड, उष्टी वैरण आणि एकाच हौदातलं पाणी यांतून तो इतरांकडे जातो. ओल्या जमिनीत तो काही काळ तग धरतो, कोरड्या उन्हात फार टिकत नाही. म्हणूनच पावसाळ्यात याचा जोर जास्त. गाईबैलांपेक्षा म्हशींना आणि वयस्क जनावरांपेक्षा लहान वासरा-रेडकांना धोका अधिक.

ओळखायचा कसा?

निरोगी गाई-म्हशीचं अंग साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट असतं. घटसर्पात ताप 104 ते 107 पर्यंत चढतो. जनावर सुस्त होतं, रवंथ बंद, दूध एकदम कमी. नाकातोंडातून पाणी गळतं. मग गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते आणि पोळीपर्यंत उतरते. श्वास कोंडतो, घशात घर्रघर्र वाजतं, जीभ बाहेर येते. पुष्कळदा एका दिवसातच खेळ आटोपतो. घर्रघर्र सुरू झाल्यावर औषध क्वचितच लागू पडतं. म्हणून ताप आणि लाळ दिसली, की त्याच घटकेला डॉक्टर बोलवावा.

दोन रोगांशी याची गल्लत होते. फऱ्या रोगात बहुधा मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते, दाबल्यास चरचर वाजते आणि जनावर लंगडतं. फाशी रोगात जनावर अचानक मरतं आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येतं. फाशी माणसालाही होतो. म्हणून असं मेलेलं जनावर फाडू नये, सोलू नये.

खात्री करायची तर डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घटसर्पाचा जंतू दोन्ही टोकांना गडद दिसतो. पण उपचारासाठी तपासणीच्या निकालाची वाट बघत बसू नये. वेळीच दिलेल्या सल्फा किंवा ऑक्सिटेट्रासायक्लीनच्या इंजेक्शनानं जनावर वाचू शकतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

एवढं पाळा

नळ्यानं तेल, काढा पाजू नका. सुजलेल्या घशातून तो श्वासनळीत उतरतो आणि जनावर गुदमरतं. डागानं जंतू मरत नाही, फक्त जनावराचे हाल होतात. आजारी जनावर वेगळं बांधा, त्याचं पाणी-वैरण वेगळं ठेवा. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लस हाच खरा उपाय

लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच टोचून घ्यावी आणि दर वर्षी घ्यावी. टोचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडं घटतं, टोचल्या जागी गाठ येते. त्याला भिऊन लस चुकवू नका. त्या दिवसांत बैलांना औताला जुंपू नका. गाभण जनावर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

एकट्यानं लस टोचून भागत नाही, सगळ्या वस्तीची जनावरं एकदमच टोचून घ्यावीत. गळीत हंगामात ऊसतोड टोळ्यांचे गाडीबैल दूरवरून चालत येतात, कोप्यांजवळ दाटीनं बांधले जातात आणि दिवसरात्र ओझं ओढतात. टोळी ठरवतानाच मुकादमाला बैलांच्या लसीबद्दल विचारा. बैल गेला तर त्या कुटुंबाचा हंगामच बुडतो.

तेव्हा सभासदहो, आपापल्या जनावरांची संख्या गट ऑफिसात या आठवड्यातच नोंदवा, म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्याकडे लसीची एकत्र मागणी करता येईल. आणि रात्री जनावराची लाळ गळताना दिसली, तर सकाळची वाट बघू नका.