जुने शिवणयंत्र व त्याची घरगुती दुरुस्ती

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलीचे वडील शाळेत भेटावयास आले असता सहज म्हणाले, "सर, घरी आईचे शिलाई मशीन पडून आहे. चाक जागचे हलत नाही. भंगारवाला वजनावर मागतो आहे. देऊन टाकतो झाले." आम्ही त्यांस आठ दिवस थांबण्याची विनंती केली. आठव्या दिवशी ते यंत्र चालू झाले. खर्च झाला तो एक तेलाची बाटली, सुयांची एक पुडी आणि थोडेसे रॉकेल, एवढाच. ही वार्ता पसरल्यावर आणखी काही पालकांनी तीच चौकशी केली. प्रत्येकास निराळे सांगत बसण्यापेक्षा आम्हांस जे ठाऊक आहे ते येथे एकदाच लिहावे, असे ठरविले.

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे या विषयातील शिक्षण एका यंत्राची नासाडी करून झाले, व ती हकीकत पुढे येईलच.

ज्या काळ्या, सोनेरी वेलबुट्टीच्या यंत्रांविषयी आम्ही लिहीत आहोत, त्यांपैकी पुष्कळशी सिंगर कंपनीच्या पंधराव्या वर्गाची किंवा त्या बरहुकूम केलेली असतात. स्कॉटलंडातील क्लाइडबँक येथे या कंपनीचा प्रचंड कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. आपल्या देशात आलेली कित्येक यंत्रे तेथलीच. यंत्राच्या बैठकीवर उजव्या अंगास एक क्रमांक ठोकलेला असतो. त्याच्या आरंभीची अक्षरे व पुढील आकडे यांवरून यंत्र कोठे व कोणत्या साली झाले याचा छडा लागतो. मुलांनी हा उद्योग अवश्य करावा. पणजीच्या यंत्राचे वय काढताना इतिहास आपोआप घरात येतो. गांधीजी यंत्रांविषयी किती सावध होते हे सर्वश्रुत आहे. तथापि १९२४ साली त्याच विषयावर बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्रास मुद्दाम अपवाद केले होते. पुढे १९३५ साली कलकत्त्यास जय इंजिनिअरिंग वर्क्स हा कारखाना निघाला व त्याची 'उषा' यंत्रे घरोघर गेली. लुधियान्यास तर या घाटाची काळी यंत्रे अद्यापि तयार होतात. हे सांगण्याचे कारण असे की, पंधराव्या वर्गाच्या यंत्रास लागणारी सुई, बॉबिन, शटल व बॉबिनची डबी या जिनसा आजही तालुक्याच्या गावी मिळू शकतात. यास्तव यंत्र जुने आहे एवढ्यावरून ते निकामी ठरवू नये.

आता यंत्र अडते का, ते पाहू. शंभरांतील थोडीच यंत्रे झिजून किंवा मोडून बंद पडतात, असा आमचा अनुभव आहे. बहुतेकांचे सांधे वाळलेल्या तेलाने जखडलेले असतात. घरात शिलाई मशीनचे तेल संपले की कोणी खोबरेल घालते, कोणी करडईचे, कोणी शेंगदाण्याचे. खोबरेल थंडीत थिजते हे प्रत्येक मुलगी जाणते. करडईसारखी तेले हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावून दाट होतात, मग चिकट, आणि अखेर लाखेसारखी कठीण. (रंगारी जवसाचे तेल रंगात घालतो ते याच गुणासाठी.) त्यात कपड्याची बारीक लव मिसळली म्हणजे सांध्यात जणू सरसच भरला. शिलाई मशीनचे तेल खनिज जातीचे व पातळ असते. ते असे सहसा वाळत नाही. तेव्हा दुरुस्ती याचा पहिला अर्थ जुने तेल काढणे व नवे घालणे, इतकाच.

परंतु माणसाचा हात प्रथम तेलाकडे वळत नाही. तो बाहेरचा मळ पुसण्याकडे वळतो, आणि येथेच घात होतो. आमच्या वडिलांच्या पश्चात आईने मिरजेच्या घरी बारा वर्षे लोकांचे कपडे शिवून आमची व आमच्या बहिणीची फी भरली. ते हाताने फिरवावयाचे यंत्र पुढे माळ्यावर गेले. काही वर्षांपूर्वी तिला आश्चर्याचा आनंद द्यावा म्हणून आम्ही ते खाली काढले. त्यावर मेणचट पिवळा थर चढला होता. दवाखान्यात वापरतात त्या स्पिरिटात कापसाचा बोळा भिजवून आम्ही तो घासू लागलो. थर भराभर निघाला. बोळा आधी तपकिरी झाला, मग त्यावर सोनेरी चमक दिसू लागली. ती चमक कसली हे ध्यानात येईपर्यंत मधल्या भागावरील निम्मी वेल नाहीशी झाली होती.

झाले होते असे. यंत्राच्या लोखंडावर प्रथम भट्टीत पक्का केलेला काळा रंग असतो. त्यावर सोनेरी नक्षी चिकटविलेली असते, आणि नक्षीच्या रक्षणार्थ वर पारदर्शक रोगणाचा पातळ हात दिलेला असतो. जुन्या यंत्रांवरील हे रोगण पुष्कळदा लाखेचे, म्हणजे आपल्या चपड्याचे असते, आणि चपडा स्पिरिटात विरघळतो. सुतार पॉलिश तयार करतो ते याच रीतीने, हे आम्ही लहानपणापासून पाहिले होते! तरीही त्या दिवशी सुचले नाही. आईने यंत्र पाहिले, चाकावर हात ठेवला आणि विचारले, "अरे, यावरची वेल कुठे गेली?" तिने एवढेच विचारले, पण उत्तर देताना आम्हांस जड गेले.

म्हणून बाहेरील सफाईसाठी स्पिरिट, सोडा, अमोनिया, भांड्यांची पूड व काथ्या यांपैकी काहीही वापरू नये. मऊ सुती फडक्यावर शिलाई मशीनचेच तेल घ्यावे, ते मळावर लावून तास-दोन तास राहू द्यावे, आणि कोरड्या फडक्याने हलकेच टिपावे. नक्षीवर तर घासण्याचा विचारही नको. फडक्यास सोनेरी कण लागला की तेथेच थांबावे. चार दिवसांत चार वेळा केले तर मळ उतरतो. जो उतरत नाही तो राहू द्यावा. यंत्र खरवडून नव्या रंगाने चकचकीत करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ते पसंत नाही. शिवणाऱ्या बाईच्या मनगटाने बैठकीचा रंग जेथे झिजला आहे, ती जागा आम्ही तरी रंगविणार नाही. चाकाची कड, सुईखालची पट्टी अशा उघड्या चकाकत्या धातूवर गंज असल्यास मात्र अगदी बारीक पोलादी लोकर तेलात बुडवून चालते.

आत हात घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. चाकाच्या मध्यभागी एक लहान गोल फिरकी असते. बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून ती सैल करतात. चाक फिरते पण सुई हलत नाही, अशी तक्रार असेल तर ती फिरकी आवळून पाहावी. एका घरी हाच रोग निघाला. यंत्र सहा वर्षे बंद होते. याउलट चाकच हलत नसेल तर जोर करू नये. प्रथम शटलच्या घरात दोरा गुरफटला आहे काय ते पाहावे.

यासाठी सुई व दाबाचा पाय काढून ठेवावा, पट्टीचे दोन स्क्रू काढून ती उचलावी, आणि खालची डबी व शटल बाहेर घ्यावे. प्रत्येक पायरीस मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. हल्लीच्या या सोयीचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. सुटे भाग ताटलीत, काढले त्याच क्रमाने मांडावे. पेचकस स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असाच हवा. सैल पेचकसाने खाच मोडते. सिंगरच्या स्क्रूंचे आटे पुष्कळदा बाजारी आट्यांहून निराळे असतात, त्यामुळे हरवलेला स्क्रू साध्या दुकानी मिळेल या भरवशावर राहू नये. पट्टीखाली, कापड पुढे सरकविणाऱ्या दात्यांमध्ये, लव व तेल दाबून नमद्यासारखी वडी झालेली आढळेल. ती बांबूच्या काडीने व जुन्या दातघासणीने काढावी. शटलच्या वाटेत तुटलेल्या सुईचे टोक सापडणे ही तर नित्याची गोष्ट आहे.

मग जेथे धातूवर धातू घासतो त्या प्रत्येक सांध्यात आणि वरच्या छिद्रांत रॉकेलचा एकेक थेंब सोडावा. हल्ली रॉकेल दुर्मिळ झाले आहे. रंगाच्या दुकानातील खनिज टर्पेंटाइनही चालते. चूल, गॅस अथवा देवापुढील दिवा जवळ नसावा, खिडकी उघडी असावी, हे काम वडील माणसाने करावे, आणि थेंब नक्षीवर पडल्यास तत्काळ पुसावा. यंत्र तासभर उन्हात ठेवल्यास चिकटा आणखी सैल होतो. नंतर चाक आपल्याकडे, पुन्हा उलट, असे थोडे थोडे झुलवावे. पहिल्या दिवशी ते बोटभरही हलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. आमच्या यंत्रास पाच दिवस लागले. पाचव्या संध्याकाळी चाक एकाएकी पूर्ण वळले तेव्हा शेजारच्या खोलीतून आई उठून आली. चाक मोकळे झाल्यावर सैल झालेला काळा रस टिपून घ्यावा व प्रत्येक जागी शिलाई मशीनचे तेल घालावे. ही पायरी चुकवू नये, कारण रॉकेलाने जुन्या चिकट्याबरोबर वंगणही धुऊन जाते, आणि कोरडे यंत्र झिजते. विजेची मोटर बसविलेली असेल तर तिच्या जुन्या तारांचे आवरण भुगा झालेले असू शकते; ते काम वायरमनचेच.

आता सुई. पंधराव्या वर्गाच्या यंत्रात सुईची चपटी बाजू डावीकडे येते व दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. सुई उलट लागली तर शटलच्या टोकास दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाकाच पडत नाही. कित्येक यंत्रे एवढ्यासाठी बिघडलेली मानली गेली आहेत. दाबाचा पाय वर उचलून ताणाच्या दोन चकत्यांमधून स्वच्छ फडक्याची कड फिरवावी, कारण तेथे अडकलेली लव ताण खोटा करते. मग दुहेरी सुती कापडावर शिवून पाहावे. वरचा व खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांस अडकले पाहिजेत. खाली सैल फासे दिसले तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याच्या ओवण्यात किंवा ताणात असतो. ताणाची फिरकी एका वेळी पावच वळसा फिरवावी. चाक नेहमी वरून आपल्याकडे फिरवावे. उलट फिरविल्यास दोरा गुंततो.

लाकडी पेटीस साध्या मेणाचा हात पुरे. बॉबिन भरणाऱ्या चाकाची रबरी कडी कडक झाली असेल तर नवी घालावी. तिला फार पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात यंत्र भिंतीस टेकवून ठेवू नये, महिन्यातून एकदा चार थेंब तेल देऊन चाक फिरवावे, आणि वापर झाल्यावर दाबाच्या पायाखाली कापडाचा तुकडा घालून ठेवावा, म्हणजे गळणारे तेल पुढच्या कापडास लागत नाही.

ज्या मुलीच्या घरचे यंत्र भंगारात जावयाचे होते, तिच्या आजीस आता सुईत दोरा ओवता येत नाही. तो नात ओवून देते, आणि चाक आजी फिरवते. आमच्या घरी आईने परवा उशीचे दोन अभ्रे शिवले. वेलीचा राहिलेला अर्धा भाग तसाच आहे. त्यावर धूळ बसली तर ती स्वतःच पदराने टिपते, आम्हांस हात लावू देत नाही.