चूक सांगणे हीसुद्धा अमानत

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याला ‘ओ-रिंग’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडी. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले, ते अशाच कडीमुळे. थंडीने रबर कडक झाले आणि रॉकेटच्या सांध्यातून तप्त वायू बाहेर पडला.

खरे दुःख पुढे आहे. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते, ‘एवढ्या थंडीत उड्डाण नको.’ वरिष्ठांनी ऐकले नाही.

आता आपल्या देशातला प्रसंग पाहा. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून सुटलेले ‘एसएलव्ही-३’ बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्प संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. संगणकाने उड्डाण थांबवले होते. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून पुढे जाण्याचा निर्णय आपलाच होता, हे कलाम पुढे जाहीरपणे सांगत. पण त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. बिघाड शोधला गेला, दुरुस्त झाला. १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले, तेव्हा धवनांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवले.

आपल्या घरातले कितीतरी तरुण याच पट्ट्यात कंत्राटी कामगार आहेत. शिफ्ट संपताना हातात सदोष पीस येतो. सांगावे तर टार्गेट चुकते, नोकरीची भीती; गप्प बसावे तर तो पीस कुणाच्या तरी ब्रेकमध्ये जातो. कुरआनने साक्ष लपवण्यास मनाई केली आहे आणि हातातले काम ही अमानतच आहे. मात्र सगळा भार कामगारावर टाकून चालणार नाही. जो सुपरवायझर ‘कुणी केले?’ याआधी ‘काय झाले?’ असे विचारतो, त्याच्याच लाईनवर माणसे खरे बोलतात.

घरातही तेच. मुलाने स्वतःहून चूक कबूल केली, तर त्या क्षणी हात उगारू नका. आज घरात खरे बोलायला न घाबरलेला मुलगाच उद्या कारखान्यात ‘थांबा’ म्हणू शकेल, इन्शाअल्लाह.