तळे राखील तो मासळीही चाखील



दिवाळी सरते, धान कापणीला येतो, आणि गावतलावाच्या पाळीवर माणसांची ये-जा वाढते. कुणाच्या खांद्यावर फेकजाळे, कुणाच्या हातात गळ. येणारा-जाणारा विचारतो, "औंदा मासोळी कशी काय?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं, "आहे, पण बारकी आहे."

ही बारकी मासळी येते कुठून? पाणी तेच, तलाव तोच, बी सरकारी केंद्रातून आणलेलं. मग मासा मोठा का होत नाही? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. आपण त्याला मोठा होऊच देत नाही. आज या पत्रिकेत त्याचाच हिशेब मांडू. तलावातून मासा काढावा किती, काढावा केव्हा, आणि मागे ठेवावा कोणता, हे समजून घेऊ.

तलाव म्हणजे पाण्याखालचं शेत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. आपण त्यांना मालगुजारी तलाव किंवा मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधलेले नवेगाव बांधासारखे तलाव आजही पाणी धरून आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पाणी शेतकऱ्याच्या धानाला आणि मासळी ढीवर बांधवांच्या संस्थेला, अशी वाटणी बहुतेक गावांत चालत आली आहे. म्हणजे एकाच तलावावर दोन घरांच्या चुली पेटतात. म्हणून हा विषय फक्त मासेमारांचा नाही, पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे.

शेतात जसं एक पेरलेलं पीक असतं आणि एक आपोआप उगवलेलं, तसंच तलावातही असतं. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे.

पेरलेली मासळी

कटला, रोहू आणि मृगळ ही आपली पेरायची मासळी. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघांचं ताट वेगळं, म्हणून तिघे एका तलावात नांदतात.

पण एक अडचण आहे. हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी देतात. तलावाच्या उभ्या पाण्यात ते वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण त्यांची वीण होत नाही. पूर्वी यांचं बी नदीतूनच गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. तेव्हापासून केंद्रात तयार केलेलं बी मिळू लागलं. आज १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो याचसाठी.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की कटला-रोहू-मृगळ जेवढे सोडाल, त्यातूनच काढायचे आहेत. ते तलावात आपोआप वाढणार नाहीत. यांच्या बाबतीत 'बियाणं राखून ठेवा' असं सांगण्यात अर्थ नाही. यांच्यासाठी मर्यादा आहे ती वजनाची. पीक तयार होण्याआधी कापू नका.

आता हिशेब पाहा. समजा, कार्तिकात तुमच्या तलावात पाव किलोचे १,००० मासे आहेत. आजच जाळं टाकून सगळे काढले तर हाती आले २५० किलो. आता समजा, तुम्ही चैत्रापर्यंत थांबलात. या काळात २०० मासे मेले, पक्ष्यांनी खाल्ले, चोरीला गेले असं धरू. उरले ८००. पण एकेक मासा ७०० ग्रॅमचा झाला. हाती आले ५६० किलो. मासे कमी आणि माल दुपटीहून जास्त! शिवाय मोठ्या माशाला बाजारात भावही चांगला मिळतो.

असं का होतं? लहान मासा खाल्लेल्यातलं बरंचसं अंगाला लावतो, म्हणून झपाट्याने वाढतो. वयात आला की खाल्लेलं अंड्यांकडे आणि देह चालवण्याकडे जातं, मग वाढ मंदावते. म्हणून फार लवकर काढणं जसं तोट्याचं, तसंच पूर्ण वाढलेला मासा वर्षानुवर्षं ठेवणंही फायद्याचं नाही. चांगल्या पाण्यात हे मासे साधारण वर्षभरात किलोच्या आसपास जातात. तोच काढणीचा मुहूर्त धरा.

दाट पेरणी नको

काही जण म्हणतात, "बी जास्त सोडा, म्हणजे मासळी जास्त निघेल." धानाची रोपं मुठीमुठीने दाट लावली तर लोंब्या भरतात का? तसंच हे आहे. तलावात चारा ठरलेला. तोंडं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला घास कमी. मासा जगतो, पण खुरटतो. डोकं मोठं आणि अंग बारीक असा मासा सापडू लागला, किंवा ढगाळ दिवसांत पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर समजा की गर्दी झाली असावी. पाण्यातला प्राणवायू पुरत नाही. अशा वेळी खत टाकू नका. विरळणी करा, म्हणजे मोठे मासे आधी काढून घ्या. उरलेल्यांना जागा आणि चारा मिळतो.

बी किती सोडायचं हे तलावाचं पाणी, त्याची खोली आणि तुम्ही खाद्य देणार की नाही यावर ठरतं. दुसऱ्या गावाचा आकडा उचलू नका. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला तलाव दाखवा. मात्र बी बोटाएवढं मोठं, म्हणजे बोटुकलीच घ्या. बारीक जिरे थेट तलावात सोडले तर त्यांतले बहुतेक मरळीसारख्या शिकारी माशांच्या पोटात जातात.

उगवलेली मासळी

मरळ, शिंगी, आपला देशी मागूर, वांब, खवली, झिंगे ही तलावाची स्वतःची मासळी. ही कुणी पेरत नाही, तलावातच विते. घरच्या कालवणाला हीच येते आणि बाजारात मरळीला भावही असतो. हिच्यासाठी नियम उलटा आहे. इथं बियाणं राखलं तरच पुढचं पीक.

मृगाचा पाऊस पडला की यांतले बरेच मासे ओढ्यातून, पाटातून, थेट बांधीत चढतात. हे चढणीचे मासे अंडी द्यायला निघालेले असतात. वाटेत आडवी जाळी लावून आपण एका रात्रीत टोपलीभर मासे धरतो आणि खूश होतो. पण त्या टोपलीतली एकेक मादी पोटात हजारो अंडी घेऊन चाललेली असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी फोडून भाकरी करावी, तसलाच हा प्रकार.

मरळीचं तर आणखी वेगळं. नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. काठाच्या गवतात लालसर पिलांचा थवा पाण्यावर खळबळताना दिसला, तर खाली आई-बाप असतातच. त्या वेळी गळ टाकून त्यांना धरणं सोपं असतं. पण राखणदार गेला की तो थवा दुसरे मासे फस्त करतात. दोन माशांपायी शेकडो पिलं जातात.

म्हणून मृग लागल्यापासून श्रावण सरेपर्यंत तलावात आणि ओढ्यात जाळं टाकू नये, असं गावाने ठरवावं. समुद्रावरही पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी. आणि मोठ्या माद्या काही तरी मागे सोडाव्यात. मादी जितकी मोठी, तितकी अंडी जास्त.

डोह राखा, काठ राखा

उन्हाळ्यात तलाव आटतो, आणि उरलेली देशी मासळी खोल डोहात गोळा होते. नेमकं त्याच वेळी उन्हाळी धानासाठी मोटारी लागतात आणि डोह उपसला जातो. शेतकरी म्हणतो, "पीक वाळतंय." संस्था म्हणते, "मासळी मरते." दोघांचंही खरंच आहे. भांडण तंट्यापर्यंत जाण्याआधीच मार्ग काढावा. पाणी असतानाच, हिवाळ्यात, ग्रामसभेत बसून तलावात एक खूण ठरवा, दगडाची किंवा खांबाची. पाणी त्या खुणेला आलं की मोटार बंद आणि जाळंही बंद. शेतकऱ्याला आधीच ठाऊक असलं की पाणी कुठवर मिळेल, तर तो तेवढंच पीक धरेल.

काठाच्या पाणवनस्पतीही जपा. खवली-मरळीची पिलं त्यातच लपतात, चरतात. बेशरम मात्र उपटून काढा. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या काही गावांत ढीवर बायाबापड्यांनी अलीकडच्या वर्षांत बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. हे काम मोठ्या पैशाचं नाही, हातांचं आहे.

थाई मागूर तलावात कधीही सोडू नका. तो इतर मासे खाऊन टाकतो, आणि देशात २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे. टिलापिया, कुठं त्याला चिलापी म्हणतात, तोही विचार केल्याशिवाय आणू नका. तो वर्षात अनेकदा वितो आणि बघता बघता तलाव खुरट्या माशांनी भरतो. एकदा शिरला की निघत नाही.

फवारणी आणि विष

शेतकरी बंधूंनो, फवारणीचा पंप तलावात किंवा पाटात धुऊ नका. काही कीटकनाशकं माणसाला जाणवणार नाहीत एवढ्या मात्रेतही मासा मारतात. पाण्यात विष कालवून किंवा स्फोट करून मासे मारणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. असा मासा खाणाऱ्याच्या पोटातही विषच जातं, आणि एका दिवसाच्या कमाईत पुढच्या सालाचं पीक बुडतं.

वही ठेवा

शेवटी एक साधं काम. संस्थेने एक वही घालावी. कोणत्या दिवशी, कोणतं जाळं, किती वेळ, किती किलो, आणि साधारण किती वजनाचा मासा, एवढंच लिहावं. तेच जाळं, तेवढाच वेळ, पण किलो दरसाल घटतायत आणि मासाही लहान होत चाललाय, असं वहीत दिसलं की हात आखडायची वेळ आली. तोंडी आठवणीवर भांडणं होतात, वही पुढे ठेवली की बोलणं होतं.

ध्यानात ठेवा

१. कटला, रोहू, मृगळ किलोच्या आसपास झाल्यावरच काढा.
२. जाळं घेताना पाव किलोचा मासा त्याच्या भोकातून सुटतो का, ते पाहून घ्या. मच्छरदाणीचं जाळं वापरू नका.
३. मृगापासून श्रावण सरेपर्यंत देशी मासळीला हात लावू नका.
४. पिलं राखणारी मरळ सोडून द्या.
५. उन्हाळ्यात डोहाची खूण पाळा.
६. वही लिहा, आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा.

तलाव वर्षभर कोरडा पडणारच असेल, तर पाणी आटण्याआधी पेरलेली मासळी सगळी काढून घ्या, त्यात पाप नाही. मात्र जिथे पाणी टिकतं, तिथे धीर धरा. ठेक्याचं शेवटचं साल आहे म्हणून तलाव खरवडून काढला, तर पुढचा ठेका घेणारा बहुधा आपल्याच गावचा, आपलाच भाऊबंद असतो.

ही पत्रिका जपून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चावडीवर वाचून दाखवा.

राम राम.