फुरसतीचा उन्हाळा

शेवटचा पेपर देऊन तुम्ही घरी येता. दप्तर एका कोपऱ्यात पडते. धाकटी भावंडे तुमची वाटच पाहत असतात. पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. मग घरातले कोणीतरी म्हणते, "मुले नुसती वेळ वाया घालवत आहेत. त्यांना एखाद्या वर्गाला घाला." लगेच चित्रकलेच्या, हस्ताक्षराच्या, इंग्रजी बोलण्याच्या वर्गांची चौकशी सुरू होते. चार वर्षांच्या मुलाचीही त्यातून सुटका नसते.

हे वर्ग वाईट असतात असे नाही. पण ज्या मुलाला वेळापत्रक नाही, त्याचा वेळ खरोखरच वाया जातो का? आपण असे एक घर डोळ्यांसमोर आणू आणि तिथे दिवस कसा जातो ते पाहू.

हे घर मालेगावातले आहे. मुले सुट्टीत आजोळी आली आहेत. आजोळ म्हणजे आईच्या आईवडिलांचे घर. त्यालाच तुम्ही उर्दूत ननिहाल म्हणता. घरात नानी आहे, मामा यंत्रमागावर काम करतात. मुलांमध्ये आठवीत शिकणारी आपा आहे, सात वर्षांची एक मुलगी आहे आणि चार वर्षांचा एक मुलगा. आज कोणता वार हे त्या चार वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. पण शुक्रवार मात्र त्याला बरोबर कळतो. त्या दिवशी गल्लीतल्या मागांची खटखट बंद असते आणि मामा घरी असतात.

या घरात भिंतीवर वेळापत्रक नाही, तरी दिवसाला एक ठरावीक चाल आहे. ती चाल ऊन ठरवते. मे महिन्यात मालेगावचा पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून मुले भल्या सकाळी अंगणात खेळतात. लगोरी, विटीदांडू, नाहीतर नुसती धावाधाव. दहाच्या सुमारास ऊन तापले की सगळी आपोआप घरात येतात. मग खिडक्या लावल्या जातात आणि दाराला वाळ्याचा ओला पडदा सोडला जातो. वाळा म्हणजे खस.

कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे. माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार पडते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ लवकर होते. म्हणूनच मालेगावचा माठ चांगला गार होतो आणि कोकणातल्या दमट हवेत तोच माठ तितके गार पाणी देत नाही. वाळ्याचा पडदाही याच कारणाने गारवा देतो.

चार वर्षांच्या मुलाला यातले काही ठाऊक नाही. तो माठाखालच्या थेंबांत बोट बुडवतो आणि फरशीवर मांजर काढतो. शेपूट काढून होईपर्यंत मांजराचे डोके वाळून गेलेले असते. तो पुन्हा डोके काढतो. असा त्याचा अर्धा तास जातो. पाणी कुठे गेले, हा प्रश्न त्याला पडला आहे. उत्तर काही वर्षांनी शाळेत मिळेल.

खरी कठीण वेळ दुपारी तीनची. मोठी माणसे आडवी झालेली असतात आणि मुलांना झोप येत नाही. "आपा, आता काय करू?" हा प्रश्न दहा वेळा येतो. आपा उत्तर देत नाही. ती पुस्तक वाचत पडलेली असते. तुम्हाला वाटेल, ही कसली बहीण! पण माझ्या मते ती योग्यच करते. थोड्या वेळाने कुरकुर थांबते आणि खोलीच्या एका टोकाला भातुकली मांडली जाते. तुमच्या घरी तिला हंडकुलिया म्हणत असतील. सुताच्या रिकाम्या बॉबिनी हे पेले होतात, आंब्याच्या कोयी ही भाकरी होते. पाहुणे चार आणि पेले तीन. आता काय करायचे? सात वर्षांची मुलगी सांगते, "दोघांनी एका पेल्यातून प्यायचे." धाकटा चिडतो. भांडण होते, ते मिटते आणि पुन्हा खेळ सुरू होतो. मोजणे, वाटणी करणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे आणि आपलेही म्हणणे मांडणे, हे सगळे त्या तासाभरात झाले. कोणी शिकवायला बसले असते तर भांडण झाले नसते, पण वाटणीही मुलांनी केली नसती.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी फार आधी ओळखली होती. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले. हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या गरीब मुलांसाठी महागडी साधने आणणे शक्य नव्हते. ताराबाईंनी खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरवले. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातूनच पुढे आली. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार संमत केला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क मानले आहेत. शिक्षणाचा हक्क आपण सारखा ऐकतो. फुरसतीचाही हक्क असतो, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता नानीच्या खोलीत येऊ. तिथे खाटेखाली गवतात कच्चे आंबे घालून ठेवले आहेत. याला आंब्याची आढी म्हणतात. आंबा पिकू लागला की त्याच्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. बंद जागेत तो वायू साठतो आणि शेजारचे आंबेही पिकू लागतात. धाकटा रोज सकाळी आढीजवळ जाऊन वास घेतो. "झाले का?" "अजून नाही." चौथ्या दिवशी एक आंबा पिवळा दिसतो, पण दाबला तर कडक लागतो. पाचव्या दिवशी नानी तो त्याच्या हातात देते. पाच दिवस थांबणे ही चार वर्षांच्या मुलासाठी लहान गोष्ट नाही.

हीच दुपार मोबाइलवरही जाऊ शकते. मोबाइल दिला की कुरकुर लगेच थांबते, हे खरे आहे. थकलेल्या आईने तो दिला तर तिला दोष देऊ नये. पण मग भातुकली मांडली जात नाही, कारण कंटाळाच आलेला नसतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुलांना फुरसत असते तेव्हा घरातल्या स्त्रियांना ती क्वचितच मिळते. मुले घरी असली की स्वयंपाक वाढतो, कपडे वाढतात, पाणी जास्त लागते. तुम्ही मुलगा असा की मुलगी, माठ भरणे आणि ताटे उचलणे तुम्हाला जमण्यासारखे आहे.

मोकळीक देणे आणि लक्ष न ठेवणे यांत मात्र फार अंतर आहे. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, आणि खेळात रमलेले मूल पाणी मागत नाही. म्हणून त्याला मधून मधून पाणी द्या. कैरीचे पन्हेही चांगले. जुलाब होऊ लागले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजा आणि दवाखान्यात न्या. अंग खूप तापले, मूल गुंगीत गेले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत आणा, अंग ओल्या कपड्याने पुसत राहा आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

विहीर, बंधारा आणि शेततळे येथे लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय कधीही जाऊ देऊ नका. शेततळे उथळ वाटते. पण त्याच्या तळाला आणि उतारावर प्लॅस्टिकचे अस्तर असते. ओल्या प्लॅस्टिकवरून पाय घसरतो आणि वर चढायला पकड मिळत नाही. पोहता येणारी मुलेही त्यात बुडाली आहेत. कोणी पडलेच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, लांब काठी किंवा ओढणी टाका आणि मोठ्याने हाका मारून माणसे जमवा.

संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडले जाते. दिवसभर तापलेली फरशी चर्र आवाज करते, मातीचा वास येतो. रात्री सगळ्यांची अंथरुणे तिथेच पडतात. नानी तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगते. त्याच गोष्टी ती मागच्या वर्षीही सांगत होती. मुलांना ते ठाऊक असते. ती एखादा शब्द चुकली तर धाकटा तिला थांबवतो आणि बरोबर शब्द सांगतो.

जून उजाडतो. मुले परत निघतात. भातुकलीतली एक कोय धाकट्याने न्हाणीच्या मोरीजवळ मातीत खोचली होती आणि तो ती विसरूनही गेला होता. निघण्याच्या सकाळी आपाला तिथे वीतभर रोपटे दिसते. त्याची पाने अजून हिरवी झालेली नाहीत, तांबूस आहेत. ती धाकट्याला हाक मारते.